चोवीस डिसेंबरचे उत्तर

डिसेंबर उजाडला की महाविद्यालयांच्या आवारांत स्नेहसंमेलनाचे मांडव पडतात आणि मांडवाबरोबर प्रमुख पाहुणेही येतात. गेली पंधरा-सोळा वर्षे आम्ही दोघे पुढच्या रांगेत बसून ही भाषणे ऐकत आलो आहोत. त्यांत एक गोष्ट हटकून असते. गरिबाघरचे पोर, हातात काही नाही, डोळ्यांत मोठे स्वप्न, आणि शेवटी रंकाचा राव. नायक दरवर्षी बदलतो, तात्पर्य बदलत नाही. ज्याच्या मनात आग आहे त्याला कुणी अडवू शकत नाही, असे ते तात्पर्य. त्यावर टाळ्या पडतात. मागच्या बाकांवरची, पहाटे दूध किंवा पेपर टाकून आलेली मुलेही टाळ्या वाजवतात.

मागच्या खेपेला नायक होता मायकेल फॅरेडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, आणि पुढे ज्याच्या शोधावर जगभरची जनित्रे फिरू लागली तो. पाहुण्यांनी गोष्ट रंगवून सांगितली. ती ऐकताना आम्ही मात्र अस्वस्थ झालो, आणि त्या अस्वस्थतेचे कारण शोधावे म्हणून हा लेख. आम्ही मराठी शिकवतो. विजेविषयीचे आमचे ज्ञान बिल भरण्यापुरते. पण गोष्ट कशी सांगितली जाते आणि सांगताना तिच्यातून काय गाळले जाते, हे पाहणे आमच्या धंद्याचा भाग आहे. फॅरेडेच्या गोष्टीतून जे गाळले जाते तेच आमच्या मते तिचे मर्म आहे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१चा, लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स इथला. बाप जेम्स लोहारकाम करी, पण तो प्रकृतीने खचलेला होता. १८०१च्या महागाईत या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे, असे चरित्रकार सांगतात. शाळा म्हणजे लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब. १८०४ साली तो ब्लॅनफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे सांगकाम्या म्हणून लागला. घरोघर वर्तमानपत्रे पोचवायची, आणि वाचून झाली की तीच परत आणून पुढच्या घरी द्यायची, हे त्याचे काम. वर्षभराने तो बांधणीकामाचा उमेदवार झाला. करार सात वर्षांचा. अशा उमेदवारीसाठी मालकाला रक्कम मोजावी लागे. रीबोने ती घेतली नाही.

बांधायला आलेली पुस्तके हा मुलगा वाचून काढी, हे सगळेच सांगतात. पण बांधणीच्या दुकानात पुस्तक हा माल असतो. उमेदवार तो माल उघडून वाचत बसला तर त्याच्या पाठीत रट्टा घालणारे मालक त्या लंडनमध्ये काय थोडे असतील? रीबोने वाचू दिले. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख वाचून या पोराने बाटल्या आणि लाकडी तुकडे जमवले व घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र खटपट करून बनवले. तेही रीबोने करू दिले. ‘करू दिले’ हे संयुक्त क्रियापद या गोष्टीत इतक्या वेळा येते की व्याकरणाच्या तासाला उदाहरण म्हणून तीच घ्यावी.

त्याच दुकानात त्याच्या हाती जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक पडले. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्यातील संवादांच्या रूपात ते लिहिलेले आहे. मार्सेटबाई स्वतः हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला जात. पहिल्यांदा त्यांना ती नीट उमगली नाहीत, म्हणून आपल्यासारख्यांसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिले आणि सुरुवातीला त्यावर आपले नावही घातले नाही. म्हणजे डेव्हीचे शब्द एका बाईच्या वहीतून, छापखान्यातून, बांधणीच्या टेबलावरून फॅरेडेपर्यंत आधीच पोचले होते. पुढे कीर्तीच्या शिखरावर असताना फॅरेडे त्यांना आपली पहिली गुरू म्हणत असे आणि आपले निबंध त्यांना पाठवीत असे. स्नेहसंमेलनातल्या भाषणांत मार्सेटबाईंचे नाव आम्ही कधी ऐकलेले नाही.

१८१० साली बाप वारला. त्याच वर्षी फॅरेडे जॉन टेटम नावाच्या गृहस्थांच्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागला. प्रवेशशुल्क दर व्याख्यानाला एक शिलिंग. ते शिलिंग लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट देई. त्या भावाविषयी आम्हांला फार विचार करावासा वाटतो. घरातला कर्ता पुरुष नुकताच गेलेला, आणि धाकट्याला विजेवरचे भाषण ऐकायचे म्हणून हा घणाखालचे शिलिंग काढून देतो. त्याला त्या भाषणांतून काय मिळणार होते?

पुढे विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने फॅरेडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. अल्बेमार्ल स्ट्रीटवरची ही संस्था १७९९ साली निघालेली, आणि डेव्ही तिचा सर्वांत तेजस्वी तारा. १८१२च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळातली चार व्याख्याने फॅरेडेने सज्जातल्या घड्याळावरच्या जागेवर बसून ऐकली, टिपणे घेतली, घरी येऊन ती आकृत्यांसह पुन्हा लिहिली आणि आपल्याच हातांनी बांधली. तीनशेवर पाने झाली. कारागिराला जे येते ते त्याने केले: विचार सुबक बांधून ठेवले.

ऑक्टोबरात उमेदवारी संपली. तो दुसऱ्या मालकाकडे पगारी कारागीर झाला, आणि मालक तापट निघाला. व्यापाराला तो विटला होता. विज्ञानाच्या चाकरीत कसलेही, अगदी हलके काम मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. उत्तरासाठी तो देवडीवर खेटे घालीत राहिला. उत्तर नाही, एवढा निरोप द्वारपालापाशी ठेवलेला होता. बँक्स हा काही दुष्ट मनुष्य नव्हता. जगभरच्या वनस्पती आणि माणसे यांविषयी त्याला अपार कुतूहल होते. त्याच्याकडे रोज ढीगभर पत्रे येत असणार. आमच्याही टेबलावर येतात.

मग त्याने डेव्हीला लिहिले आणि पुरावा म्हणून बांधलेली वही सोबत धाडली. डेव्ही तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली होती आणि एका श्रीमंत विधवेशी त्याचे लग्न झाले होते. प्रयोग करताना झालेल्या स्फोटाने त्याच्या डोळ्याला इजाही झाली होती. अशा माणसाचे उत्तर आले. त्यावरची तारीख २४ डिसेंबर १८१२.

पत्र अगदी लहान आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास दाखवलात त्याचे मला वाईट वाटलेले नाही; तुमची तळमळ, स्मरणशक्ती आणि एकाग्रता वहीतून दिसते; मी शहराबाहेर जात आहे, जानेवारीअखेर परत येईन, मग भेटू – एवढाच त्याचा आशय. नोकरीचे वचन त्यात नाही. नाताळाच्या आदल्या दिवशी, गावाला निघण्याच्या गडबडीत, एका पुस्तक बांधणाऱ्या पोऱ्याला चार ओळी लिहायला किती वेळ लागला असेल? दहा मिनिटे धरू. आधुनिक जगाच्या इतिहासात इतक्या मोलाची दहा मिनिटे फार थोडी असतील. फॅरेडेने ते पत्र जन्मभर जपले.

आता यापुढचा भाग. तो भाषणांत हमखास वगळला जातो, कारण तो गोष्टीच्या ऐटीला शोभत नाही. भेट झाली तेव्हा डेव्हीने त्याला सल्ला दिला की बाबा रे, तुझा बांधणीचा धंदा सोडू नकोस. विज्ञान ही कठोर मालकीण आहे, ती चाकरीच्या मानाने वेतन देत नाही. हवे तर संस्थेची पुस्तके तुझ्याकडे बांधायला पाठवतो! म्हणजे आग मनात होती, प्रतिभा होती, वही होती, खुद्द डेव्हीची मर्जी होती, आणि तरीही स्वप्न तिथेच मिटले असते. ते वाचले मारामारीमुळे. १८१३च्या फेब्रुवारीत संस्थेच्या प्रयोगशाळेतला मदतनीस विल्यम पेन उपकरणे बनवणाऱ्या कारागिराच्या अंगावर धावून गेला आणि कामावरून निघाला. त्यानंतर एका रात्री फॅरेडे झोपायच्या तयारीत कपडे उतरवीत असताना दारावर जोराची थाप पडली. खाली डेव्हीची घोडागाडी उभी होती आणि गडी चिठ्ठी घेऊन आला होता. १ मार्चला नेमणूक झाली. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय जळण आणि मेणबत्त्या.

आमचे एक सहकारी म्हणाले, तुम्ही फॅरेडेचे श्रेय इतरांत वाटून टाकता आहात. डान्सने तिकिटे दिली असतील. तीनशे पाने लिहिली कुणी? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. त्या चार व्याख्यानांना सभागृह भरलेले होते आणि त्यातून फॅरेडे एकच निघाला. आमचे म्हणणे एवढेच की रीबो, रॉबर्ट, डान्स, मार्सेट आणि डेव्ही यांतले एक नाव खोडून पाहा, आणि मग ती तीनशे पाने कुठल्या माळ्यावर पडली असती ते सांगा. ‘आग असली की पुरे’ हे तात्पर्य ऐकून मागच्या बाकावरचा मुलगा घरी जातो आणि चार वर्षांनी काही घडले नाही म्हणजे आपल्यातच आग नव्हती, असा निष्कर्ष काढतो. पुढच्या रांगेत बसलेले आम्ही मात्र त्या तात्पर्यामुळे सुटतो. आमच्या अस्वस्थतेचे मूळ बहुधा इथे आहे.

डेव्हीला देव्हाऱ्यात बसवावे, असेही आमच्या मनात नाही. तो स्वतः पेन्झान्सच्या एका लाकूडकोरक्याचा मुलगा, औषधविक्यावैद्याकडचा उमेदवार. त्यालाही थॉमस बेडोज या डॉक्टरने ब्रिस्टलला बोलावून घेतले म्हणून तो वर आला. पण वर आलेल्या माणसाला खालची पायरी आठवतेच असे नाही. १८१३च्या ऑक्टोबरपासून दीड वर्ष डेव्ही पतिपत्नी युरोपात हिंडले तेव्हा ऐन वेळी खासगी नोकराने यायचे नाकारले आणि ती कामे फॅरेडेवर आली. डेव्हीच्या पत्नीने तर त्याला नोकर म्हणूनच वागवले. सगळे सोडून परत जावे असे त्याला वाटे. पुढे १८२१च्या सप्टेंबरात फॅरेडेने वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, तेव्हा वोलास्टनच्या कल्पनेचे ऋण त्याने मानले नाही, अशी कुजबुज उठली. आणि रॉयल सोसायटीचे सभासदत्व पुढे आले तेव्हा विरोध करणारा अध्यक्ष होता डेव्हीच. ८ जानेवारी १८२४ रोजी फॅरेडे निवडून आला. चोवीस डिसेंबरला दार उघडणारा हात अकरा वर्षांनी तेच दार लोटू पाहत होता. उत्तर देणाऱ्याने संत असलेच पाहिजे असे नाही, हा यातला दिलासा.

त्या दोन प्रसंगांच्या मध्ये आणखी एक नाताळ आहे. १८२१च्या नाताळच्या दिवशी फॅरेडेने चुंबक बाजूला ठेवला आणि केवळ पृथ्वीच्या चुंबकत्वाने वीज वाहणारी तार फिरते का ते पाहिले. तार फिरली. हे पाहायला त्याने कुणाला बोलावले असेल? बायकोच्या लहान भावाला, जॉर्जला. बघ, बघ, दिसते ना, असे तो त्या पोराला पुन्हापुन्हा विचारीत राहिला. हा प्रसंग त्या मुलाच्याच आठवणीतून आपल्यापर्यंत आला आहे.

भाषेचे शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विजेने पदार्थांचे विघटन होते त्याचा अभ्यास करताना फॅरेडेला नवे शब्द हवे होते. ग्रीक-लॅटिन त्याला येत नव्हते. ते येणाऱ्यांचेच विज्ञान तेव्हा चालत होते. त्याने १८३४ साली केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला पत्र लिहून विचारले. ह्यूएलने उत्तर दिले, आणि त्या पत्रव्यवहारातून ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द जन्मले. मूळ ग्रीकात त्यांचे अर्थ चढणीची वाट, उतरणीची वाट आणि जाणारा असे आहेत. कोणत्याही सिद्धान्ताचे ओझे न वाहणारे शब्द फॅरेडेला हवे होते, कारण उद्या सिद्धान्त बदलला तरी शब्द टिकला पाहिजे. आपण मराठीत त्यांचे धनाग्र आणि ऋणाग्र केले. रसायनशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी सांगितले की साध्या विद्युतघटात ॲनोड हे ऋण टोक असते, त्यामुळे ‘धनाग्र’ पाठ केलेला मुलगा तिथे हमखास अडखळतो. ग्रीक न येणाऱ्या माणसाने विचारून घेतलेला शब्द अधिक जपून केलेला होता, असे म्हणावे लागते.

१८२५ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. पहिली माला जॉन मिलिंग्टनने दिली, पण ती रुजली फॅरेडेमुळे. १८२७पासून १८६०पर्यंत त्याने अशा एकोणीस माला गुंफल्या. मध्ये दुसऱ्या महायुद्धात चार वर्षांचा खंड पडला, तो सोडला तर व्याख्याने चालूच आहेत, आणि २०२५ साली त्यांना दोनशे वर्षे झाली. त्याची सर्वांत गाजलेली माला मेणबत्तीवर आहे. एक मेणबत्ती पेटवायची आणि तिच्या ज्योतीतून हवा, पाणी, कोळसा, श्वास असे सगळे रसायनशास्त्र उलगडत न्यायचे. पंचवीस शिलिंगांबरोबर ज्याला मेणबत्त्या मिळत त्याने हा विषय निवडावा, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

पण इथेही गोष्ट फार गोड करून चालणार नाही. या व्याख्यानांना तिकीट लागे. समोर बसत ती बहुतेक सुखवस्तू घरांतली मुले. १८५५च्या नाताळात तर राणीचा पती आपल्या राजपुत्रांना घेऊन आला, आणि त्या प्रसंगाचे चित्रही आहे. ब्लॅनफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानातला तेरा वर्षांचा पोरगा त्या चित्रात कुठे दिसत नाही. त्याला पुन्हा एखादा डान्सच शोधावा लागला असता. शिवाय फॅरेडेने आपल्यानंतरचा फॅरेडे हाताशी धरून घडवला नाही. तो जवळजवळ एकट्यानेच काम करी.

दुकानातल्या पोरापर्यंत ती मेणबत्ती पोचवली दुसऱ्याच एका माणसाने. १८५० साली चार्ल्स डिकन्सने फॅरेडेकडे त्या व्याख्यानांची टिपणे मागितली आणि फॅरेडेने ती दिली. डिकन्सच्या दोन पेनी किमतीच्या साप्ताहिकात ऑगस्टमध्ये त्यांवर आधारलेला लेख आला. लेखक पर्सिव्हल ली. त्यात व्याख्यान ऐकून आलेला एक मुलगा घरी मेणबत्ती पेटवून काकांना सगळे समजावून सांगतो. तिकीट एका मुलाने काढले आणि ऐकले दोन पेनी देणाऱ्या घरांनी. मार्सेटबाईंनी चाळीसेक वर्षांपूर्वी हेच केले होते.

हे सगळे आम्ही का उगाळत बसलो ते सांगायला हवे. आमच्या विभागात एक लोखंडी कपाट आहे. दोन वर्षांपूर्वी रंगकामासाठी ते हलवले तेव्हा मागच्या बाजूने एक वही निघाली. दोनशे पानी, खाकी कव्हर, कडा दोऱ्याने शिवलेल्या. महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणारा एक मुलगा दुपारी गिऱ्हाईक नसले की आमच्या वर्गाच्या मागच्या दाराशी येऊन बसत असे. त्याचे नाव आमच्या पटावर नव्हते. त्याने छंद आणि अलंकार यांवरचे आमचे तास टिपून घेतले होते, घरी पुन्हा लिहिले होते आणि वही आमच्याकडे दिली होती. बारावी सुटलेली आहे, पुढे मराठी घेऊन एम.ए.पर्यंत जाता येईल का, असे पहिल्या पानावर लिहून. वही दिली तेव्हा परीक्षा चालू होत्या. सुट्टीत वाचू म्हणून आम्ही ती कपाटावर ठेवली. ती सहा वर्षांनी निघाली.

दुकान आता तिथे नाही. वहीतल्या क्रमांकावर आम्ही फोन केला, तो दुसऱ्याच कुणाला तरी लागला. एक-दोन जुन्या विद्यार्थ्यांना विचारले. तो पुण्याकडे गेला एवढेच कळले.

वही आम्ही आता वाचली आहे, पुरी. एकोणचाळिसाव्या पानावर आमच्यापैकी एकाने एका कवितेचे वृत्त मंदाक्रांता म्हणून सांगितल्याची नोंद आहे. दोन्ही वृत्तांत अक्षरे सतराच असतात, बोलण्याच्या ओघात चूक झाली असावी. समासात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, त्याने लघुगुरू मांडून गण पाडले आहेत: य, म, न, स, भ, ल, ग. खाली लिहिले आहे, ‘सर, ही शिखरिणी असावी का?’ शिखरिणीच आहे.